पोशाखाची कैफियत

पोशाखाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या संशोधकाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्या साधनांवर भिस्त ठेवावी लागते ती बहुतेक परभारे आलेली असतात. दरबारी चिताऱ्याने धन्याची मर्जी सांभाळून रंगविलेली तसबीर, परमुलखातल्या प्रवाशाने तिखटमीठ लावून केलेले वर्णन, जामदारखान्यातील वस्त्रांची याद, लग्नखर्चाच्या वहीत मांडलेली शालूशेल्यांची किंमत, यांच्या आधारे तो एखाद्या पिढीचा पेहराव मनात उभा करतो. परंतु ज्या देहावर तो पेहराव होता तो देह त्याला दिसत नाही. १८३९ साली पॅरिस येथे डागेर याची छायाचित्रणाची कृती जाहीर झाली, आणि पुढील वीस वर्षांत युरोप-अमेरिकेप्रमाणेच मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांतही स्टुडिओ उघडले गेले, तेव्हा ही अडचण कायमची संपली असे अनेकांना वाटले. वस्त्र आणि प्रेक्षक यांच्यामध्ये आता कोणाचा कुंचला नव्हता की कोणाची लेखणी नव्हती; काच, प्रकाश आणि रसायन एवढीच काय ती मध्यस्थी उरली होती, आणि या तिघांना कोणाची भीड असण्याचे कारण नव्हते.

हा विश्वास अगदीच अनाठायी होता असे नाही. युरोपातील पोशाखाचे जाणकार निनावी आणि तारीख नसलेले छायाचित्र हाती आले तरी त्याचा काळ चार-पाच वर्षांच्या अंतराने सांगू शकतात. मनगटाकडे घंटेसारखी पसरलेली बाही आणि चहूबाजूंनी फुगलेला घागरा दिसला की १८६० च्या आसपासचा काळ. तोच फुगारा पाठीमागे एकवटून कमरेखाली उंचवटा झालेला दिसला की १८७० नंतरचा. बाही खांद्याशी फुग्यासारखी आणि कोपराखाली आवळलेली असली की १८९५ च्या सुमाराचा. परंतु या ठोकताळ्याला जे अपवाद हे जाणकारच नमूद करतात, त्यांतच खरी मेख आहे. वृद्ध स्त्री आपल्या तारुण्यातील धाटणी सोडीत नाही, गावाकडचे कुटुंब शहराच्या मागे काही वर्षे असते, आणि ठेवणीतले वस्त्र प्रसंगापुरतेच बाहेर निघत असल्याने ते रोजच्या वस्त्रापेक्षा कितीतरी जुने असू शकते. म्हणजे छायाचित्रात दिसतो तो त्या दिवशीचा पोशाख खरा, परंतु तो त्या दिवसांचा पोशाख असतोच असे नाही. याच मुद्द्याचा विस्तार करून मला असे प्रतिपादावयाचे आहे की स्टुडिओतील छायाचित्राला पोशाखाची साक्ष मानण्यात आपण चूक करतो. ती पोशाखाच्या द्वारे दाखल केलेली कैफियत असते. साक्षीदाराने पाहिले तेवढे सांगावे अशी अपेक्षा असते. कैफियत देणारा आपली बाजू मांडतो, आपला हक्क सांगतो, आणि आपणास कोण म्हणून ओळखले जावे ते सुचवितो. कैफियत खोटी असते असे नव्हे. मात्र ती वाचण्याची रीत निराळी असते.

प्रथम त्या यंत्राचाच विचार करू. कारण ज्याला आपण निर्भीड मध्यस्थ समजतो त्याच्याही स्वतःच्या अटी होत्या. आरंभीच्या डागेरी पद्धतीत माणसाला कित्येक मिनिटे स्तब्ध बसावे लागे; १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या कलोडियनची कृती प्रसिद्ध केल्यावर हा अवधी काही सेकंदांवर आला, तरी तेवढा वेळ मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार उभा करून त्याच्या चिमट्यात डोके धरण्याची चाल पुष्कळ वर्षे टिकली. त्या काळच्या पुरुषांच्या उभ्या चित्रांत बुटांच्या मागे त्या आधाराचा पाया डोकावताना दिसतो. स्त्रियांच्या घेरदार वस्त्रांनी तो बिनबोभाट झाकला. आज ज्या ताठ्याला आपण त्या पिढीचे गांभीर्य समजतो त्याचा बराचसा वाटा या लोखंडाकडे जातो, आणि ज्या वस्त्राची घडी न विस्कटता बसता येई तेच वस्त्र स्टुडिओसाठी सोयीचे ठरे. आणखी एक अट याहून चमत्कारिक. डागेरी पत्र्यावरील किंवा काचेवरील एकमेव चित्रात डावे-उजवे आरशाप्रमाणे उलट होते; तेव्हा अंगरख्याचा बंद कोणत्या अंगाला यावरून हिंदू आणि मुसलमान ओळखण्याचा जो जुना संकेत, तो अशा चित्रांना सरळ लावणारा संशोधक माणसाचा धर्मच पालटून टाकील.

परंतु छायाचित्राला पोशाखाच्या सेवेला खऱ्या अर्थाने जुंपले ते १८५४ साली. त्या वर्षी पॅरिसच्या दिस्देरी याने एका काचेवर आठ लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले आणि भेटीच्या पत्रिकेएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटविलेले, सुमारे अडीच इंच रुंद व चार इंच उंच असे ते चित्र ‘कार्त-द-व्हिजीत’ या नावाने जगभर पसरले. या चित्राचा आकार आणि त्यातील मांडणी यांचा विचार करावा. माणूस आपादमस्तक उभा, बाजूस अर्धा खांब, वर पडदा, खाली गालिचा. एवढ्या सरंजामात चेहरा करंगळीच्या नखाएवढा उरतो आणि उरलेली सारी जागा वस्त्रे व्यापतात. म्हणजे ज्याला सारे जग व्यक्तिचित्र म्हणत होते ते क्षेत्रफळाच्या हिशेबाने वस्त्रचित्रच होते. नेमक्या याच सुमारास, १८५६ पासून, पोलादी कड्यांचा हलका पिंजरा आत बांधून घागरा फुगविण्याची फॅशन निघाली होती. आणि अरुंद पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत पसरलेला तो घेर स्त्रीच्या मुखाशी चाललेल्या स्पर्धेत सहज जिंकत होता. १८६० साली छायाचित्रकार मेयॉल याने व्हिक्टोरिया राणी आणि तिचा पती यांची अशीच चित्रे विक्रीस काढली, तेव्हा त्यांत मुकुट नव्हता, राजदंड नव्हता. एखाद्या सुखवस्तू मध्यमवर्गीय जोडप्याच्या थाटात ती दोघे उभी होती. दुकानदाराची पत्नी त्याच प्रकारच्या पडद्यापुढे तशाच घाटाच्या वस्त्रात उभी राहिली की दोघींच्या चित्रांना एकाच अल्बमात समोरासमोरची पाने मिळत. राणी आपणास सामान्य म्हणवून घेत होती आणि सामान्य स्त्री आपणास प्रतिष्ठित. दोन्ही कैफियती एकाच पुठ्ठ्यावर, एकाच दराने दाखल होत होत्या.

यंत्राची तिसरी अट रंगाची. कलोडियनची काच निळ्या-जांभळ्या प्रकाशाला अतिशय हळवी आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळी असे. त्यामुळे निळे वस्त्र फिके पडे आणि लाल किंवा केशरी वस्त्र काळेभोर होऊन येई. यातील विपर्यास असा की ज्या दशकात स्टुडिओंचा प्रसार झाला तेच दशक युरोपच्या वस्त्रांत भडक रंगांचा पूर घेऊन आले. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाला डांबरापासून काढलेल्या द्रव्यात जांभळा कृत्रिम रंग गवसला. १८५८ च्या आरंभी आपल्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहाला राणीने तशाच जांभळ्या छटेचे वस्त्र परिधान केले आणि तो रंग लंडनच्या रस्तोरस्ती झाला. पाठोपाठ किरमिजी, हिरवे, निळे असे रासायनिक रंग आले. हा सारा उत्सव छायाचित्रात करड्या राखेसारखा उतरला, आणि पुढील पिढ्यांची समजूत अशी झाली की व्हिक्टोरियाचा काळ म्हणजे काळ्या-करड्या वस्त्रांत वावरणारा, उदास माणसांचा काळ. डिसेंबर १८६१ मध्ये पती निवर्तल्यावर राणीने मरेपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, काळे वस्त्र सोडले नाही ही गोष्ट त्या समजुतीला पोषक ठरली. परंतु एका विधवेच्या दुःखाचा रंग साऱ्या शतकाला फासण्याचे काम तिने नव्हे, कलोडियनने केले.

आपल्याकडे तर या रंगांधळेपणाचा परिणाम अधिक खोल झाला. कारण महाराष्ट्रातील वस्त्रांची भाषा ही मुख्यतः रंगांची आणि काठापदरांची भाषा होती. युरोपीय वस्त्राचा अर्थ त्याच्या बेतण्या-शिवण्यात असतो. आपले लुगडे, उपरणे, धोतर, शेला ही न शिवलेली वस्त्रे असल्याने त्यांचा घाट बहुधा तोच राहतो आणि अर्थ रंगात उतरतो. सौभाग्यवतीचा हिरवा शालू, केशवपन केलेल्या विधवेचे तांबूस आलवण, सोवळ्याचा पीतांबर, काळ्या चंद्रकळेचे लाल काठ, यांतील प्रत्येक रंग एक विधान होता आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला तो अक्षरओळखीवाचून वाचता येत होता. ही भाषा कॅमेऱ्यापुढे गेली की मुकी होते. चंद्रकळेचे लाल काठ तिच्या काळ्या अंगात बुडून जातात. पीतांबर गडद होतो. आणि कपाळावरचे कुंकू, ज्याच्या लालीवर एवढे सामाजिक विश्व तोललेले, ते गोंदल्यासारखा काळा ठिपका होऊन उरते. सर्वांत भयंकर गोष्ट अशी की जे आलवण समाजाने त्या अभागी स्त्रीवर दुरून ओळखू यावी म्हणून लादले होते, ते छायाचित्रात साध्या गडद लुगड्यासारखे दिसते. एका अर्थी यंत्राने तिला क्षणभर त्या शिक्षेतून मुक्त केले, आणि त्याच वेळी तिला शिक्षा झाली होती याचा दाखलाही नष्ट केला. छायाचित्रावर जलरंगाचे वा तैलरंगाचे हात देऊन ते रंगविण्याची कला हिंदुस्थानात जी इतकी फोफावली तिला केवळ हौस मानून चालणार नाही. कुंकवावर लाल ठिपका आणि जरीवर सोनेरी रेघ देणारा तो रंगारी यंत्राने गाळलेला मजकूर कैफियतीत पुन्हा भरीत होता.

यंत्राच्या अटी ध्यानात घेतल्यावर दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो: या कैफियतीतला वादी कोण? छायाचित्रात जो दिसतो तोच बोलतो असे आपण गृहीत धरतो, आणि पुष्कळदा फसतो. १८५० साली दक्षिण कॅरोलिनातील कोलंबिया शहरी लुई आगासी या प्राणिशास्त्रज्ञासाठी झीली नावाच्या छायाचित्रकाराने काही गुलाम स्त्री-पुरुषांची डागेरी चित्रे घेतली. मानववंश भिन्न भिन्न उत्पन्न झाले हे आगासीला सिद्ध करावयाचे होते, म्हणून त्या माणसांची वस्त्रे उतरविण्यात आली. येथे बोलतो तो आगासी. समोरच्या माणसाला बोलता येऊ नये एवढ्यासाठीच त्याचे वस्त्र काढून घेतले आहे. याच्या शेजारी फ्रेडरिक डग्लस याची छायाचित्रे ठेवावी. १८३८ साली गुलामीतून पळून सुटलेल्या या पुरुषाची आज ठाऊक असलेली निरनिराळी छायाचित्रे सुमारे एकशेसाठ भरतात, आणि त्या शतकातील कोणत्याही अमेरिकी गृहस्थाची एवढी चित्रे नाहीत असे त्याचे अभ्यासक मानतात. काळा कोट, पांढरा सदरा, गळ्याशी नीट बांधलेला रुमाल आणि कॅमेऱ्यावर रोखलेली करडी दृष्टी ही त्याची ठरलेली मुद्रा. कृष्णवर्णीयांच्या विडंबनचित्रांनी भरलेल्या देशात आपला नीटनेटका कोट हा नागरिकत्वाचा अर्ज आहे हे तो पुरेपूर जाणत होता. १८६१ साली त्याने चित्रांच्या सामर्थ्यावर जाहीर व्याख्यानही दिले. ज्यांना डग्लसचा कोट हे गोऱ्यांचे अनुकरण वाटते त्यांनी आगासीची चित्रे पाहावी, म्हणजे त्या कोटाच्या एकेका गुंडीला किती किंमत मोजलेली होती ते कळेल.

हाच भेद हिंदुस्थानातील चित्रांना लावून पाहता येतो. विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे जे दोन भाग १८६३ आणि १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले, त्यांत स्टुडिओत घेतलेल्या आकृती कापून निराळ्याच देखाव्यांवर बसविलेल्या आहेत. पगडी, अंगरखा, लुगडे ही सारी तेथे जातीची लेबले बनतात. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने हिंदी लोकांच्या छायाचित्रांचा आठ खंडांचा संग्रह निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी जॉन फोर्ब्स वॉटसन याने १८६६ साली हिंदी कापडाच्या सातशे नमुन्यांचे अठरा खंडांचे संच तयार करविले होते, आणि त्यांतील उघड हेतू असा की विलायती गिरण्यांना हिंदी गिऱ्हाइकाची आवड कळावी व तसे कापड तेथे विणून येथे विकता यावे. कोण काय नेसतो ही जिज्ञासा आणि त्याला आपले कापड कसे विकावे ही विवंचना एकाच मेजावर नांदत होती. अर्थात ही दृष्टी केवळ जेत्याचीच असते असे नाही. इंग्लंडमधील विगन येथे कोळशाच्या खाणींच्या तोंडाशी काम करणाऱ्या, विजार घालणाऱ्या मजूर स्त्रियांची छायाचित्रे स्टुडिओत फावड्या-चाळणीसह घेऊन नवलाची वस्तू म्हणून विकली जात, आणि आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थाने ती हौसेने जमविली. ज्याचा पैसा त्याची कैफियत, असा ढोबळ नियम येथे सांगता येईल. छायाचित्राच्या पाठीमागचा खर्च कोणी केला हे कळल्यावाचून त्यातल्या वस्त्राचा अर्थ लावू नये.

आता ज्यांनी स्वतःच्या पदरचे पैसे देऊन छायाचित्रे काढविली अशा आपल्याकडील गृहस्थांकडे वळू. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे विद्वान तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात या विद्येचा वर्ग उघडला, आणि त्या वर्गात शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा धंदा थाटला. म्हणजे नवी विद्या, नवी नोकरी आणि नवे चित्र ही एकाच दशकात, एकाच वर्गाच्या घरी आली. या वर्गाच्या पुरुषांचे जे छायाचित्र आज जुन्या वाड्यांच्या भिंतींवर दिसते त्यातला पोशाख मोठा विचार करण्याजोगा आहे: डोक्यावर पगडी, अंगात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला लांब इंग्रजी धाटणीचा कोट, खांद्यावर उपरणे, खाली धोतर आणि पायांत मोजे व बूट. या मिश्रणाची टिंगल त्या काळीही झाली आणि नंतरही. परंतु कैफियत म्हणून वाचले असता त्यात गोंधळ मुळीच नाही. एका देहावर तीन निरनिराळ्या सत्तांचा अंमल येथे अगदी हद्दी आखून मान्य केलेला आहे. मस्तक जातीचे; कारण पगडबंदाने बांधलेली पगडी चक्री की शिंदेशाही, ब्राह्मणी की प्रभूंची, यावर माणसाचे कूळ आणि मुलूख ठरत होता, आणि रंग हरपलेल्या चित्रात पगडीचा घाट तेवढा शाबूत राहत असल्याने तिचे महत्त्व उलट वाढले होते. धड कचेरीचे. आणि पाय?

पायांचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. देशी रिवाजाप्रमाणे वरिष्ठापुढे जोडे काढून जावयाचे, आणि कंपनीच्या अंमलदारांनी हा रिवाज आपल्या लाभासाठी चालू ठेवला होता. इंग्रजी बूट घातलेल्या नेटिवाने तरी ते का काढावेत, असा वाद निघाला; तेव्हा १८५४ साली डलहौसीच्या सरकारने कलकत्त्यापुरता असा ठराव केला की जे हिंदी गृहस्थ युरोपीय धर्तीचे बूट-मोजे वापरतात त्यांना सरकारी समारंभात ते पायांत ठेवण्याची मुभा असावी. याच वादावरून १८६२ साली सुरतेच्या कोर्टात एका पारशी असेसराचा तंटा माजला. हा इतिहास ध्यानात ठेवून त्या छायाचित्रातील बुटांकडे पाहावे. धोतराखाली चमकणारा तो विलायती बूट म्हणजे साहेब होण्याची हौस नव्हे. उभे राहण्याच्या हक्काचा तो कायदेशीर मुद्दा आहे. डग्लसच्या कोटाशी त्याचे नाते सख्खे आहे.

स्त्रियांची कैफियत याहून अवघड होती, कारण स्टुडिओत येणे हेच तिचे पहिले धाडस. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलणेही जेथे मर्यादेबाहेरचे, तेथे परक्या पुरुषाच्या यंत्रापुढे नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसणे हे वस्त्राच्या आधीच एक विधान होते. दीनदयाळ या प्रख्यात छायाचित्रकाराला १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडावा लागला, यावरून या संकोचाचा अंदाज यावा. घराच्या माजघरासाठी घडलेले वस्त्र बैठकीच्या दालनात कसे न्यावे, हा प्रश्न या स्त्रियांपुढे अगदी व्यवहारात उभा होता. १८६४ साली सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीवर मुंबई इलाख्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी येथल्या पारशी स्त्रियांची नेसण्याची रीत पाहिली आणि तीत फेरफार करून, पोलके व परकर यांच्या जोडीने ती बंगाल्यात नेली. साऱ्या हिंदुस्थानची म्हणून आज मानल्या जाणाऱ्या साडीच्या नेसणीची एक महत्त्वाची शाखा अशी मुंबईत रुजली, आणि स्टुडिओतील चित्रांनी तिला घरोघर पोहोचविले. म्हणजे छायाचित्र हे केवळ फॅशन नोंदवीत नव्हते. ते ती घडवीतही होते.

या संदर्भात १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात घेतलेल्या एका छायाचित्राचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी, आनंदीबाई जोशी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबुली, आपापल्या देशाच्या वेषात त्यात एकत्र आहेत. या चित्रात दोन कैफियती एकमेकींत मिसळल्या आहेत. एक महाविद्यालयाची: पूर्वेच्या स्त्रियांपर्यंत आमचा हात पोहोचला, हे तिन्ही वेषांच्या वेगळेपणानेच सिद्ध होत होते, आणि तिघी अमेरिकी झग्यात असत्या तर ते सिद्ध झाले नसते. दुसरी आनंदीबाईंची स्वतःची. समुद्र ओलांडण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, सेरामपूर येथील सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर वचन दिले होते. ते पाळले गेल्याचा दाखला पुण्या-मुंबईच्या संशयी डोळ्यांपुढे ठेवावयास साडी-दागिन्यांतील या चित्रापेक्षा अधिक बळकट कागद कोणता असणार? तथापि ती साडी कल्याणच्या घरातील नऊवारी नव्हती. नऊवारीत पायांचा भाग उघडा राहतो. अमेरिकेतील थंडी आणि तेथील सभ्यतेच्या कल्पना या दोहोंच्या कात्रीत सापडून त्यांनी गुजराती धर्तीची नेसणी पत्करली होती. वचन पाळले, परंतु त्याचे कलम स्वतःच्या हाताने दुरुस्त करून पाळले. अवघ्या विसाव्या वर्षी या मुलीने वस्त्रात साधलेली ही तडजोड अनेक सुधारकांच्या ग्रंथांतील तडजोडींपेक्षा नेमकी होती, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

येथे एक आक्षेप येणार हे मी जाणतो. हे सारे मूठभरांचे पोशाख. स्टुडिओची पायरी चढण्याची ऐपत नसलेल्या कोट्यवधी लोकांचे काय? आक्षेप रास्त आहे, आणि लोखंडी पत्र्यावरच्या स्वस्त चित्रांनी अमेरिकेत सामान्य शिपायाला व कामगारालाही आपली छबी मिळवून दिली, एवढे उत्तर त्याला पुरणारे नाही. कारण आपल्याकडचा शेतकरी तेथपर्यंतही पोहोचला नव्हता. परंतु पोशाख ही कैफियत असते हे तत्त्व ज्यांनी सर्वांत धारदारपणे ओळखले ते याच वर्गाच्या वतीने बोलणारे होते. १८८८ साली राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. तेथे जरीच्या पगड्या आणि हिऱ्यामोत्यांचे अलंकार यांच्या गर्दीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले, आणि ही भरजरी मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत पाहावयाची तर खेड्यांत चला, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. जोतीरावांना चांगले वस्त्र मिळत नव्हते म्हणून त्यांनी तो वेष केला असे कोणी म्हणणार नाही. ते बांधकामाचे कंत्राटदार होते. ज्या काळात प्रत्येक प्रतिष्ठित मनुष्य वस्त्रातून स्वतःचा दावा मांडीत होता, त्या काळात त्यांनी वस्त्रातून दुसऱ्याचा दावा मांडला. ज्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, त्या जोतीरावांचा हा फाटका वेष आणि डग्लसचा इस्त्रीचा कोट ही दिसावयास दोन टोके. पण दोघेही एकाच न्यायासनापुढे एकच गाऱ्हाणे घालीत होते. एकाला सिद्ध करावयाचे होते की आम्ही तुमच्यासारखे आहोत. दुसऱ्याला दाखवावयाचे होते की तुमच्यापुढे जे उभे आहेत ते आमच्यासारखे नाहीत.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येईल: वस्त्रे ठेवणीतली, खांब लाकडी, पडदा रंगविलेला, बैठक शिकविलेली, एवढे सगळे रचलेले असेल तर इतिहासाने असल्या चित्रांचा भरवसा का धरावा? माझे उत्तर असे की रोजच्या वस्त्राला जे सांगता येत नाही ते ठेवणीतले वस्त्र सांगते. रोजचे वस्त्र गरज, हवामान आणि ऐपत यांचा हिशेब देते. ठेवणीतले वस्त्र आकांक्षेचा हिशेब देते, आणि एकोणिसाव्या शतकाचा इतिहास हा मोठ्या अंशाने बदललेल्या आकांक्षांचाच इतिहास आहे. ज्याने वर्षभर कचेरीत मान खाली घालून कारकुनी केली त्याने एक दिवस खांबाला टेकून, हातात पुस्तक घेऊन, बूट पुढे करून उभे राहावे, यात वर्षभराचे तीनशे चौसष्ट दिवस दिसत नाहीत हे खरे. परंतु त्या दिवसांत तो मनाशी काय धरून होता हे दिसते, आणि ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते.

यास्तव आपल्या घरांतील जुन्या तसबिरींकडे पाहण्याची रीत आपण बदलली पाहिजे. ‘पूर्वी लोक असे कपडे घालीत’ हे वाक्य त्यांच्याखाली लिहिणे सोडून द्यावे. त्याऐवजी चार गोष्टींची चौकशी करावी: चित्र कोणाच्या पैशाने निघाले, ते कोणाला दाखविण्यासाठी निघाले, त्यातले वस्त्र घरचे की प्रसंगापुरते आणलेले, आणि यंत्राने खाऊन टाकलेला रंग मुळात कोणता होता. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सापडते, आणि ती माणसे वर्षावर्षाला कमी होत आहेत. म्हणून हे काम संग्रहालयांनी व इतिहास-संशोधकांनी बखरी आणि दफ्तरे यांच्या जोडीने आजच हाती घ्यावयास हवे. ज्या घरात एकही तसबीर नाही त्या घराचीही नोंद व्हावी. कारण कैफियत दाखल करण्याची संधी कोणाला मिळाली नाही, हे ठाऊक असल्यावाचून दाखल झालेल्या कैफियतींवर निकाल देण्याचा अधिकार इतिहासकाराला पोहोचत नाही.